बोट तुटलं, चूक कुणाची?

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला होतो, तेव्हाची गोष्ट. दुसरी पाळी, संध्याकाळचे सात-सव्वासात. माझ्या शेजारच्या पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर, तिशीतला एक गडी होता. त्याची डाव्या हाताची दोन बोटं डायखाली, म्हणजे दाबाच्या साच्याखाली, गेली. शॉपमध्ये आवाज इतका की त्याचं ओरडणं मला ऐकूच आलं नाही. तो हात वर धरून उभा आहे आणि कोपरापर्यंत लाल झालंय, एवढंच दिसलं. त्याला रिक्षात घालून नेलं. तासाभरात अपघाताच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहून झाले होते : 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

आमच्या युनियनचे सेक्रेटरी पहिल्या पाळीचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कांजूरला चाळीत राहायचे. निरोप मिळाला तेव्हा ते जेवायला बसत होते. आधी हॉस्पिटलात गेले, त्या गड्याच्या बायकोला गाठून तिच्याजवळ कुणीतरी थांबेल असं पाहिलं आणि रात्री दहाच्या सुमाराला शॉपमध्ये आले. मॅनेजरच्या केबिनकडे वळलेच नाहीत. थेट त्या प्रेसपाशी उकिडवे बसले, बॅटरीच्या उजेडात बटणं पाहिली आणि डाव्या बटणाच्या फटीतून लाकडाची बोटभर पाचर ओढून काढली.

पाचर कशाला, ते आधी सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. अशा प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा भाग खाली येतो. म्हणजे प्रेस खाली येताना कामगाराचे दोन्ही हात बटणांवर, डायच्या बाहेर. फार साधी आणि फार चांगली युक्ती. पण एका बटणात पाचर ठोकली की ते कायमचं दाबलेलं राहतं. मग एका हातानं प्रेस चालवायची, दुसऱ्यानं पत्रा आत सरकवायचा. पीस भराभर निघतात. माझ्याही प्रेसवर पाचर होती. शॉपमधल्या बाराही प्रेसवर ती होती, आणि सुपरवायझर रोज त्यांच्यासमोरून चार वेळा फिरत असे.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "अण्णा, पाचर त्यानं स्वतःच लावली होती. आम्ही काय करणार?"

अण्णा म्हणाले, "साहेब, पाचर काढून पाळीचा आकडा निघतो का, तेवढं दाखवा. मी स्वतः उभा राहतो."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. पाळीला जो पीसचा आकडा ठरवून दिला होता, तो दोन्ही हात बटणांवर ठेवून निघतच नसे. आकडा कंपनीनं ठरवलेला, पाचर कामगारानं लावलेली, आणि वहीत फक्त पाचर होती.

कामाच्या जागेच्या सुरक्षेसाठी लढणारा कामगार नेता नेमकं काय करतो, असं मला कुणी विचारलं की मला गेटवरची भाषणं आठवत नाहीत. ती बॅटरी आठवते. 'चूक कुणाची' हा प्रश्न बाजूला सारून 'हे घडलं कसं' असं विचारायला लावणं, त्याचं उत्तर कागदावर आणणं आणि मग यंत्र बदलेपर्यंत त्या कागदाचा पाठपुरावा करणं, हे त्याचं काम. ऐकायला लहान वाटतं. मुंबईत यासाठी माणसं दीडशे वर्षं झगडत आलीत.

सुपारीबागेतली मागणी

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव बहुतेकांना रविवारच्या सुट्टीमुळे माहीत असतं. १८४८ साली ठाण्यात जन्मलेला, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारात वाढलेला हा माणूस मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होता. म्हणजे पगार ठीक, जागा बरी, खात्यातल्या गर्दीपासून थोडी लांब. पण त्या जागेवरून त्याला आतलं सगळं दिसत होतं. दिवस उजाडताना गिरणी सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत चाले. पट्टे उघडे, चक्रं उघडी, लहान मुलं यंत्रांखाली झाडायला. लोखंड्यांनी नोकरी सोडली आणि कामगारांच्या बाजूनं लिहू-बोलू लागले. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं 'दीनबंधु' १८८० मध्ये मुंबईत आलं, ते लोखंड्यांच्या संपादकपणाखाली.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. धोकादायक यंत्रांना कुंपण घाला, अपघात कळवा, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे यंत्राला गार्ड बसवणं हे आपल्याकडे कायद्यानं १८८१ पासून सांगितलेलं आहे. तरी भांडुपला आम्ही कोणत्या अवस्थेत काम करत होतो ते वर सांगितलंच.

१८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या मोजक्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार वेळेवर. आणि शेवटची, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही : काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

ही मागणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा वाचली. तिच्यात 'कामगाराची चूक नसेल तर' असं कुठेही नाही. गिरणीत काम करताना हात गेला, बस्स. ज्याच्या कामासाठी हात गेला त्यानं सांभाळावं. त्या काळात जखमी कामगाराला भरपाई हवी असेल तर मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात त्यानं स्वतः सिद्ध करायचा, असा न्याय होता. कोकणातून किंवा घाटावरून आलेला, हात गमावलेला, निरक्षर माणूस साहेबाच्या कोर्टात काय सिद्ध करणार? सुपारीबागेतल्या लोकांनी हा प्रश्नच निकालात काढला होता.

रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. तिच्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली आणि तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. जखमेची भरपाई मात्र लोखंड्यांना पाहायला मिळाली नाही. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रोग्यांच्या सेवेत उतरले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनंच गेले. वय अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास.

१९२३ चा कायदा, आणि आपल्या माणसांना न कळलेली एक गोष्ट

भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये आणि लागू झाला १ जुलै १९२४ पासून. ज्यांच्या नावाचा रस्ता आज लोअर परळला आहे ते ना. म. जोशी तेव्हा दिल्लीच्या विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. या कायद्याचं तत्त्व सुपारीबागेच्या मागणीच्या अगदी जवळचं आहे. कामामुळे आणि काम करताना अपघात झाला तर भरपाई द्यायचीच, मालकाची चूक असो वा नसो.

मग अपवाद? आहेत. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अंमलाखाली असेल, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं असेल, तर मालकाला भरपाई नाकारता येते. पण अपघातात मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर हे अपवादसुद्धा लागू होत नाहीत.

आता वहीतले ते दोन शब्द पुन्हा पाहा. 'निष्काळजीपणा' हा या अपवादांत कुठेच नाही. लक्ष नव्हतं, डुलकी लागली, घाई केली, यापैकी कशानंही भरपाई बुडत नाही. शंभर वर्षांपासून कायदा हेच सांगतो आणि अजूनही जखमी माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं, 'तुझीच चूक आहे, तुला काही मिळणार नाही.' तो मान खाली घालून घरी जातो. नेत्याचं निम्मं काम त्याची मान वर करण्याचं असतं.

मग तो शब्द लिहितात तरी कशाला? त्यानं चौकशी संपते म्हणून. दोष माणसात सापडला की यंत्राकडे पाहावं लागत नाही, आकड्याकडे पाहावं लागत नाही. उरलेल्या अकरा प्रेस उद्या सकाळी तशाच सुरू होतात.

आमच्याकडे मॅनेजमेंटनं निष्काळजीपणा सोडून पुढे 'सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी केलं' असं म्हणायला सुरुवात केली, कारण त्यांनाही वकील होता. अण्णांचं उत्तर तयार होतं. साधन सगळ्यांचंच निकामी होतं, देखरेख करणाऱ्यांना ते रोज दिसत होतं, त्यांनी कधी अडवलं नाही आणि आकडा त्याच बेतानं लावला होता. जे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कंपनीच्याच फायद्यासाठी चालतं, त्याला हुकूम मोडणं कसं म्हणायचं?

पैशांचा हिशेब कसा होतो, तेही एकदा नीट पाहू, कारण तो कळला नाही की माणूस समोर ठेवलेल्या पाकिटावर सही करतो. कायद्यात एक तक्ता आहे. त्यात शरीराचा कोणता भाग गेल्यानं कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, ते लिहिलंय. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. दुसऱ्या तक्त्यात वयाप्रमाणे एक गुणक आहे. तीस वर्षांच्या माणसाला २०७.९८, चाळीस वर्षांच्या माणसाला १८४.१७. वय कमी तर पुढची कमाईची वर्षं जास्त, म्हणून गुणक मोठा. हिशेबासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरायचा, अशी मर्यादा केंद्र सरकारनं जानेवारी २०२० मध्ये लावली. त्या पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला २०७.९८ नं गुणलं की १८,७१,८२० रुपये. ही पूर्ण निकामी झाल्याची रक्कम. दोन बोटांसाठी तिचे २० टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. माणूस दगावला तर ६० च्या जागी ५० टक्के धरतात. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर व्याज लागतं आणि विनाकारण अडवले तर वर दंडही लागू शकतो.

कंपनी आणि कामगार हे कामगार राज्य विमा योजनेत असतील, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो, तर हीच जबाबदारी विमा महामंडळावर जाते. उपचार तिथे, बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के तिथून, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं व त्या प्रमाणात दरमहा पेन्शन लागते. दोन्हीकडून घेता येत नाही. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय ईएसआयचंच. गिरणगावातल्या कित्येक घरांनी तिथल्या बाकड्यांवर रात्री काढल्यात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती रोज घडते. कामावर माणूस मरतो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा किंवा कंत्राटदाराचा माणूस घरी येतो, लाख-दीड लाख समोर ठेवतो आणि 'आता आमचं काही देणं-घेणं नाही' अशा कागदावर विधवेची सही घेतो. मृत्यूच्या भरपाईत असा परस्पर व्यवहार कायदा भरपाई म्हणून मानतच नाही. पैसे सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे (जुन्या कायद्यात कामगार भरपाई आयुक्तांकडे) जमा करावे लागतात आणि वाटणी ते करतात. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे सही झाली असली तरी दार बंद झालेलं नसतं. अण्णा हे प्रत्येक गेट मीटिंगमध्ये सांगत. लोकांना पाठ झालं तरी सांगत.

जो अपघात दिसतच नाही

बोट तुटलं की निदान दिसतं तरी. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याचे पेळू होतात ते खातं. तिथं हवेत कापसाची धूळ इतकी, की पाळी सुटल्यावर भुवया पांढऱ्या दिसायच्या. वडिलांना सोमवारी संध्याकाळी छाती आवळल्यासारखी व्हायची. मंगळवार-बुधवारपर्यंत जरा सैल पडायची. आई म्हणायची, रविवारी काहीतरी थंड खाता म्हणून होतं.

तसं नव्हतं. या आजाराला बायसिनोसिस म्हणतात. कापसाच्या, तागाच्या धुळीनं होतो आणि त्याची सुरुवातीची खूण हीच असते : सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. पुढे आठवडाभर राहते, पुढे कायमची, आणि मग माणूस दोन जिने चढू शकत नाही. लोखंड्यांनी मिळवलेल्या त्या रविवारमुळेच सोमवारची ही खूण ओळखू यायची, असं मला नेहमी वाटतं. सातही दिवस धुळीत राहिला असता तर फरक कळला नसता.

बायसिनोसिस भरपाई मिळण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे. पण तो सिद्ध करणं हे बोटापेक्षा शंभरपट अवघड. डॉक्टर दमा लिहितात, टीबी लिहितात, विडीवर ढकलतात. काय काम करता, किती वर्षं, कोणत्या खात्यात, हे विचारतच नाहीत. त्यामुळे जो नेता हा लढा घेतो त्याला फुप्फुसाची तपासणी कशी करतात, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधीचा आणि पाळीनंतरचा श्वास वेगवेगळा का मोजायचा, हे शिकावं लागतं. डॉक्टर मित्र जोडावे लागतात. दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते आणि घाटकोपरच्या बाजूला त्यांच्याकडे येणारे पेशंट कामगारच होते. तिथूनच ते चळवळीत ओढले गेले. १९८२ चा त्यांचा गिरणी संप म्हटलं की अडीच लाख कामगार आणि बंद भोंगे एवढंच आठवतं. पण कामगारांचा दवाखाना ही त्यांची पहिली ओळख होती.

गिरणीतल्या आरोग्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. साचे खात्यात, म्हणजे मागांवर, धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीतली, धाग्याची कांडी संपली की नवी भरायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून बाहेर काढायचं. धूळ तोंडात, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. हीच रीत पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचे खात्यात घेतलं जात नसे, कारण त्यांच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण ओठाला लावणार नाहीत. आणि पगार साचे खात्यातच बरा. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. छातीला घातक असलेली एक रीत जातीनं एवढी वर्षं टिकवून धरावी आणि तिच्याच आधारे माणसांना चांगल्या पगारापासून लांब ठेवावं, यावर मी पुष्कळ विचार केलाय. सुरक्षेच्या गप्पा मारताना कोण कोणत्या खात्यात आहे हे न पाहणारा नेता निम्मंच पाहतो.

आत काय आहे ते सांगा

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि त्यांच्याच सोबत कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या. दुपारी धूर दिसला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. आठशेच्या वर माणसं गेली. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान त्यात होते. म्हणून देशभर १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या दुपारी गोदीत माल उतरवणाऱ्या किती जणांना पायाखाली काय आहे हे माहीत असेल?

हाच प्रश्न चाळीस वर्षांनी भोपाळला आला. तिथल्या कारखान्यात १९८१ मध्ये विषारी वायूनं एक कामगार दगावला होता, तिथल्या युनियननं धोक्याच्या तक्रारी केल्या होत्या, आणि डिसेंबर १९८४ मध्ये जे झालं ते झालं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती हवी, तात्काळ धोका दिसला तर कामगारांनी तो व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला कळवावा, आणि आपण कशात काम करतो याची माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क. पुढे २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितल्या. इतकी वर्षं का, तर अॅस्बेस्टॉसचा रोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. नोंद नसेल तर तो कुठून आला हे कुणीच सांगू शकणार नाही.

सुरक्षा समितीत खरं काय चालतं? बऱ्याच ठिकाणी चहा-बिस्किटं आणि ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, घोषवाक्यांची स्पर्धा. जिथे युनियन जागी असते तिथे वाद एकाच मुद्द्यावर असतो. मॅनेजमेंट सुरुवात करते हेल्मेट-हातमोज्यांपासून, कारण ते स्वस्त. अण्णा सुरुवात करत दुसऱ्या टोकापासून. डायमध्ये हात घालायची गरजच राहणार नाही, असं काही करता येईल का? पत्रा आपोआप सरकेल का? ते जमत नसेल तर हात आत असताना प्रेस चालणारच नाही असा बंदोबस्त करा. तोही पुरत नसेल तर नियम आणि शिकवणी. हातमोजे सगळ्यात शेवटी. आणि फिरत्या ड्रिलवर तर हातमोजा घालूच नका, कापड गुंतलं की हात घेऊन जातं. देखभालीच्या फिटरांसाठी त्यांनी एक पद्धत चालू करून घेतली होती. मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला फिटरनं स्वतःचं कुलूप लावायचं. ज्याचा हात आत, किल्ली त्याच्या खिशात. दहा-बारा कुलपांचा खर्च मंजूर व्हायला पाच महिने लागले.

कंत्राटी माणूस कुणाचा?

आज भांडुप-विक्रोळीचे कितीतरी कारखाने जाऊन टॉवर उभे राहिलेत, आणि ते टॉवर बांधताना पडणारा माणूस कुठल्याच मस्टरवर नसतो. कंपनी म्हणते तो कंत्राटदाराचा, कंत्राटदार म्हणतो पोट-कंत्राटदाराचा. कायदा याला फसत नाही. कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते, मग त्यानं ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण त्यासाठी तो माणूस तिथे कामाला होता हे दाखवावं लागतं. कागद नसला की माणूसच नसतो. मुंबईच्या सफाई कामगारांची लढाई याच मुद्द्यावर होती. मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं कंत्राटाचा हा बुरखा फाडत नेला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल मिळवला. पहिल्यांदा ऐकताना हा नोकरीचा खटला वाटतो. पण ज्याच्या नावावर नोकरी आहे त्यालाच गमबूट, औषधपाणी आणि भरपाई मागता येते. सुरक्षा तिथून सुरू होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या कारखाना कायद्याची जागा सुरक्षा व आरोग्याच्या संहितेनं घेतली, भरपाई आणि ईएसआय सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गेले. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं, हे चांगलं आहे. वर सांगितलेल्या कागदाच्या अडचणीवर तो खरा उपाय ठरू शकतो. चाळिशीवरच्या कामगारांची वर्षाला मोफत तपासणी, हेही चांगलं. पण विजेवर चालणारी जागा जुन्या केंद्रीय कायद्यात दहा कामगारांपासून कारखाना मानली जाई, आता वीसपासून. साकीनाक्याच्या किंवा धारावीच्या गल्लीत जाऊन पाहा, दहा ते एकोणीस माणसांच्या जागा किती आहेत ते. बोटं जातात ती बहुतेक अशाच जागी. मला हा बदल चुकीचा वाटतो आणि तो मी चुकीचाच म्हणेन.

अण्णांचं पुढे काय झालं? त्यांच्यावर दोनदा चार्जशीट आली, एकदा कामाच्या वेळेत जागा सोडल्याची, एकदा 'शिस्तभंगाची'. प्रमोशन निवृत्तीपर्यंत आलं नाही. मुलीच्या बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ते हॉस्पिटलात कुणाच्या तरी उशाशी होते. ते ती अजून विसरलेली नाही आणि अण्णाही नाहीत. त्यांच्या पिशवीत नेहमी मोजपट्टी, बॅटरी, कार्बन पेपर आणि कोरे अर्ज असत. अपघात झाला की ते तीन गोष्टी करत. साक्षीदारांची नावं त्याच रात्री लिहून घेत, कारण सकाळपर्यंत माणसांना काही दिसलेलं नसतं. यंत्र हलवायच्या आत त्याची जागा मोजत. आणि तक्रार देताना पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडत नसत.

त्या पाचरीचा पाठपुरावा अकरा महिने चालला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, औद्योगिक सुरक्षेच्या कचेरीत, अण्णांनी किती खेपा घातल्या ते त्यांनाच ठाऊक. निरीक्षक आले, बाराही प्रेस पाहिल्या. पाळीचा आकडा खाली आला. बटणांची खोबणी अशी बदलली की पाचर ठोकली तर प्रेस चालूच होईना, आणि मोठ्या चार प्रेसना प्रकाशाचा पडदा बसला. हात मध्ये आला की प्रेस जागच्या जागी थांबते.

तो गडी स्टोअरला परतला. भरपाई मिळाली होती. एक दिवस अण्णा त्याला घेऊन टाइम ऑफिसात गेले आणि नोंदवही मागवली. कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' यावर एक सरळ रेघ मारलेली होती, शेजारी सही-तारीख, आणि खाली नवी ओळ : 'दोन हातांच्या बटणाची व्यवस्था निकामी, ठरवलेलं उत्पादन त्या व्यवस्थेत शक्य नव्हतं.' त्यानं ती ओळ उरलेल्या तीन बोटांच्या हातानं वही धरून दोनदा वाचली. मग म्हणाला, "अण्णा, याची झेरॉक्स मिळेल का? बायकोला दाखवायचीय."